सलग नोंद

यादी मंगळवारी सकाळी अकरा वाजता लागली. चाळीस नावं होती. कस्तुरी बिराजदारनं ती आधी वरून खाली वाचली, मग खालून वर, आणि तिसऱ्या खेपेला पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचलं. श्रीदेवी येमुल हे नाव त्यात कुठंच नव्हतं.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसांच्या छातीत कापसाची धूळ साठते, हे जुनंच दुखणं. त्यावर औषध निघालं त्याला आता तीन वर्षं झाली होती. रुग्णाच्याच फुप्फुसातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि चोवीस आठवडे वाफेवाटे परत छातीत सोडायच्या. निकामी झालेला भाग हळूहळू भरून येतो. अडचण एवढीच, की प्रत्येकाच्या पेशी वेगळ्या वाढवाव्या लागतात आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत वर्षाला चाळीस जणांपुरतीच जागा होती. डॉक्टरांनी औषधाला लायक ठरवलेले रुग्ण तीनशे अकरा होते. पन्नास वर्षांची श्रीदेवी त्यांतली एक. औषध मिळालं नाही तर दीड वर्ष, फार तर दोन, असं डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि त्यानं ते त्याच संध्याकाळी कस्तुरीला सांगितलं होतं.

पहिल्या वर्षी निवड नगरसेवकांच्या चिठ्ठ्यांवर झाली आणि दवाखान्याच्या काचा फुटल्या. तेव्हापासून ती प्रतिसादांकावर होऊ लागली. आजार सगळ्यांचा सारखाच गंभीर. मग एका माणसाला श्वास परत दिला तर त्याचं घर किती उभं राहील, हे पाहायचं. ज्या घराला मदतीनं सर्वांत जास्त उभारी येते, त्याचा नंबर आधी. लोकांनी कुरकुर केली, पण चिठ्ठीपेक्षा बरं म्हणून मान्य केलं.

कस्तुरीला या अंकामागचं शास्त्र ठाऊक होतं. एकोणीस वर्षं ती त्याच्या तळाशीच काम करत होती.

जनगणना म्हणजे गर्दीचा एक फोटो. दहा वर्षांनी दुसरा काढला तर त्यातली माणसं वेगळी. कोण वर आलं, कोण खाली गेलं, ते कळत नाही. म्हणून अर्थशास्त्रज्ञ ठरावीक घरं निवडतात आणि दरवर्षी त्याच घरांत जाऊन तेच प्रश्न विचारतात. मग एका घराची तुलना शेजारच्या घराशी करावी लागत नाही, त्याच घराच्या मागच्या वर्षाशी करता येते. प्रत्येक घरात कुठल्याच रकान्यात न मावणारं काहीतरी असतं. सासूचा स्वभाव, नवऱ्याची नियत, अंगातली चिकाटी. पण ते वर्षानुवर्षं साधारण तसंच राहतं. या वर्षातून मागचं वर्ष वजा केलं, की न बदलणारं सगळं गळून जातं आणि बदललेलं तेवढं उरतं. मदत आली त्या वर्षी घर किती हललं, हे मग स्वच्छ दिसतं.

पूर्वी हे गणित हजारो घरांच्या सरासरीपुरतंच चाले. एकट्या घराचा प्रतिसाद काढायला वीस वर्षांची आलेखावरची वीस टिंबं पुरत नाहीत. संगणकावरच्या नव्या यंत्रानं ती उणीव दुसरीकडून भरून काढली. ज्या घराची माहिती तुटक, त्याला ते त्याच्यासारख्या घरांच्या सरासरीकडे ओढून घेई; ज्याची माहिती सलग, त्याला स्वतःच्या पायावर उभं करी. पाहणीत नसलेल्या हजारो घरांचे अंकही या मोजक्या घरांवरूनच बेतलेले असत. सोलापुरात अशी चारशे घरं होती. त्यांतली पूर्व भागातली बासष्ट कस्तुरीकडे. घरोघरी विचारत फिरणारी अन्वेषक म्हणून तिचा संकेतांक ०४१७. येमुलांचं घर त्या बासष्टातलं.

दुपारी ती वरच्या मजल्यावर डॉ. जुई कारखानीसांच्या खोलीत गेली. जुई पुण्याहून आलेली, चौतिशीची, यंत्राची जबाबदारी तिच्यावर.

"येमुल तुमच्या नात्यातले आहेत का, बिराजदार मॅडम?"

"नाही. माझं घर आहे ते," कस्तुरी म्हणाली. पाहणीतल्या घराला सगळे अन्वेषक असंच म्हणत.

जुईनं पडदा तिच्याकडे वळवला. "अंक जवळजवळ शून्य आहे. आणि खात्री बघा. जिल्ह्यात एवढी खात्री यंत्राला फार थोड्या घरांबद्दल आहे. एकोणीस वर्षांत एकही प्रश्न रिकामा नाही. नमुन्यादाखल दाखवावी अशी नोंद आहे ही."

"मग शून्य कसा?"

"२०३१ साली यांना धूळ ओढणारे पंखे मिळाले. घर जागचं हललं नाही. पुढच्या वर्षी बाईंना शिवणाचं प्रशिक्षण. काही नाही. मग मुलीला शिष्यवृत्ती. तरी रेघ आडवीच. आणि २०३७ ला घर एकदम वर येतं. त्या वर्षी तर कसलीच मदत नव्हती." जुईनं खांदे उडवले. "यंत्राच्या दृष्टीनं अर्थ सरळ आहे. हे घर मदतीनं हलत नाही. वर आलं ते आपलं आपण."

कस्तुरीनं आकडे वाचायला सुरुवात केली. चहापूड महिन्याला अर्धा किलो. पुढच्या वर्षी पाऊण. पुढच्या वर्षी पुन्हा अर्धा. आजारपणात गेलेले दिवस तीन, चार, तीन. उपाशी झोपलेलं कोणी, नाही. सहा वर्षं ती रेघ आडवी चालली होती आणि तिच्यातला बारीकसा थरथराट कस्तुरीच्या ओळखीचा होता. तो तिनंच घातला होता.

"हे मी भरलंय," ती म्हणाली.

"हो, संकेतांक तुमचाच आहे."

"तसं नाही, मॅडम. न विचारता भरलंय."

प्रश्नावली दोनशे चौदा प्रश्नांची. एका घराला सव्वादोन तास लागत. कस्तुरी एकसष्ट घरांत ते सव्वादोन तास इमानानं बसली होती. अंगावर कुत्रं आलं तरी, दारात भांडण पेटलं तरी. पहिली नऊ वर्षं श्रीदेवीच्या घरीही बसली. पण नवव्या वर्षापर्यंत त्या घरात तिची वाट बघितली जाऊ लागली होती. पाय ठेवला की ताक, मग जेवून जा, मग लेकीची, कीर्तीची, वेणी घालून दे. अशा बाईसमोर मांडीवरचा कागद उघडून 'गेल्या तीस दिवसांत घरातलं कोणी उपाशी झोपलं का' असं कसं विचारायचं? दहाव्या वर्षी दोघी नुसत्या बोलत बसल्या. घरी येऊन कस्तुरीनं मागच्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवला आणि नवा भरला. चहापुडीत थोडा फरक केला. पुढच्या वर्षीही तेच. २०३७ साली आवाज नोंदवणाऱ्या टॅब आल्या, तेव्हा कुठं प्रश्न पुन्हा तोंडानं विचारावे लागले.

जिथं तिचं सगळ्यांत जास्त जाणंयेणं होतं, तिथलीच माहिती खोटी होती.

जुईनं त्या सहा ओळी पुन्हा वरून खाली पाहिल्या. मग म्हणाली, "हुबेहूब उतरवलं असतंत तर पहिल्याच वर्षी पकडलं असतं. तुम्ही ते घर इतकं जवळून ओळखत होतात, की तुमचं खोटं सुसंगत निघालं."

"आणि ती सहा वर्षं मी कोरी सोडली असती तर?"

"कशाला विचारताय ते?"

"सांगा."

जुईनं सहा ओळी पुसल्या आणि यंत्राला पुन्हा गणित करायला लावलं. मिनिटभरही लागलं नाही. "तर यंत्रानं तिला आजूबाजूच्या घरांकडे ओढून घेतलं असतं. सातवा क्रमांक आला असता."

"मग तेच करा. मी लिहून देते."

"एक घर काढता येत नाही." जुई आता सावकाश, एकेक शब्द तोलून बोलत होती. "अन्वेषकानं एका ठिकाणी बनावट भरल्याचं कबूल केलं, की त्याच्या संकेतांकाखालचं सगळं काढून टाकावं लागतं. नियम मी केलेला नाही, पण बरोबर आहे. बाकीच्या एकसष्ट घरांत तुम्ही खरं लिहिलंत, हे यंत्राला कोण सांगणार?"

"मी सांगते."

जुईनं नकारार्थी मान हलवली.

"बासष्ट घरं गेली तर पूर्व भागाचा एकही अंक उभा राहत नाही. यादी स्थगित होते. नवी माहिती गोळा करायची, पुन्हा गणित करायचं. नऊ-दहा महिने. पेशी वाढवण्यासाठी नावं सोमवारी प्रयोगशाळेला जायची आहेत, ती जाणार नाहीत."

"चाळीस जण थांबतील."

"जे थांबू शकतील ते थांबतील." जुईनं पडदा परत आपल्याकडे वळवला. "आज तुम्ही बोललात ते मी ऐकलेलं नाही. सोमवारी सकाळी लेखी दिलंत, तर मला ते नोंदवावंच लागेल."

शनिवारी दुपारी बाहेर सेहेचाळीस अंश होते. येमुलांच्या दाराला ओलं पोतं लावलेलं होतं. ते बाजूला सारून कस्तुरी आत गेली, तेव्हा श्रीदेवीचा नवरा अंबादास भिंतीला टेकून सुपारी कातरत होता.

"या, अन्वेषक बाई! आज काय विचारणार? घरात नळ किती, माणसं किती? आणि माणसांत नवरा धरायचा का नाही, ते एकदा नक्की करून टाका."

"अक्का, बस गं. ह्यांच्या तोंडाला लागू नको," श्रीदेवी खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाली. "सकाळपासून डोकं खायला कोण भेटलं नाही त्यांना." एवढं बोलून ती थांबली, श्वास घेतला. आता प्रत्येक वाक्यानंतर तिला असं थांबावं लागे. "यादीत नाव नाही ना माझं? कळलंय. चिलवेरींच्या व्यंकटेशचं आलंय म्हणे."

"हो. नववा आहे."

"एकतीस वर्षांचं पोरगं. लग्न ठरायलंय त्याचं. बरं झालं."

कस्तुरीनं पाणी घेतलं नाही. जे सांगायचं होतं ते तिनं एका दमात सांगितलं. सहा वर्षांचे फॉर्म, चहापुडीचा फरक, आडवी रेघ, सातवा क्रमांक. अंबादासचा अडकित्ता मध्येच थांबला.

"सहा वर्षं?" श्रीदेवीनं विचारलं.

"हो."

"कीर्तीच्या पाठचं पोटातच गेलं, ते तुला सांगितलं होतं मी. ते?"

"नाही लिहिलं."

"ह्यांनी दारूपायी माग विकायला काढला होता ते?"

अंबादासनं मान खाली घातली.

"नाही."

"शिवण शिकून आले, टॉवेलला काठ घालायचं काम आणलं, चौघी बायका ठेवल्या हाताखाली. ते तरी?"

"नाही, श्रीदेवी."

"मग लिहिलंस काय?"

"मागच्या सारखंच. सगळं बरं चाललंय असं."

श्रीदेवीला खोकल्याची उबळ आली. कस्तुरी उठली, तर तिनं हातानंच तिला लांब ठेवलं. उबळ संपायला वेळ लागला.

"तुझं दुःख सरकारी रकान्यात टाकायला माझा हात धजेना," कस्तुरी म्हणाली. "तू मला मैत्रीण म्हणून सांगत होतीस. ते तिथं नेऊन लिहायचं म्हणजे चहाडी केल्यासारखं वाटायचं मला."

"मैत्रीण म्हणून?" श्रीदेवी तिच्याकडे बघत राहिली. "अक्का, घरातलं असलं कोण कुणाला सांगतं का? सख्ख्या बहिणीला नाही सांगितलं मी. तुझ्या मांडीवर ते फॉर्म असायचे. घरी जाऊन लिहिणार म्हणून सांगत होते." तिनं श्वास घेतला. "तुला नव्हते सांगत. सरकारला सांगत होते. म्हटलं, आपण दिवस कसे काढले ते कुठंतरी नोंदीला लागेल तरी. कुणीतरी बघतंय."

पोत्यातलं पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं.

उरलेलं सांगणं सर्वांत अवघड होतं, पण कस्तुरीनं तेही सांगितलं. सोमवार, बासष्ट घरं, दहा महिने.

"म्हणजे व्यंकटेशचंही थांबणार?" अंबादासनं विचारलं.

"सगळ्यांचंच."

"मग नको. असलं नको आपल्याला. चाळीस घरांचा तळतळाट घेऊन कुठं फेडायचा?"

श्रीदेवी त्याला तेलुगूत काहीतरी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण तो उठला आणि पोतं सारून बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला.

"त्यांना सोपंय," ती म्हणाली. "तळतळाट लागला तर मला लागेल. मी रोज सकाळी उठून ह्या खुर्चीपर्यंत येते ना, तेवढ्यात घामानं भिजते. पंचवीस पावलं नाहीत. मला मरायचं नाही, अक्का. व्यंकटेश चांगला आहे, त्याच्या बारशाचं जेवलेय मी. तरी मला मरायचं नाही." ती पुन्हा थांबली. या वेळी श्वासासाठी नव्हे. "दे लिहून."

"पुन्हा विचार कर."

"विचार तू करायचा होतास. तेव्हा."

सोमवारी सकाळी कस्तुरीनं अर्धं पान लिहिलं आणि खाली सही केली. जुईनं ते वाचलं, वेळ टाकली, आणि यंत्रात ०४१७ हा संकेतांक रद्द केला. अकराशेहून जास्त मुलाखती होत्या त्याच्याखाली, त्यांतल्या कित्येक रणरणत्या उन्हात पायी फिरून घेतलेल्या. पडद्यावर त्यांच्या जागी आखलेली रिकामी ओळ आली. संध्याकाळपर्यंत यादीवर 'स्थगित' असा शिक्का चढला होता. आठवड्यानं कस्तुरीला सेवेतून कमी केल्याचं पत्र आलं.

कारण लपून राहणारं नव्हतंच. नवे अन्वेषक बासष्ट घरांत जाऊन सगळं पहिल्यापासून विचारू लागले, तेव्हा पूर्व भागात पाण्याच्या टाकीपासून दत्ताच्या देवळापर्यंत सगळ्यांना कळलं. लोक कस्तुरीशी भांडले नाहीत. ती दिसली की बोलणं तेवढं थांबे.

नवी यादी फेब्रुवारीत लागली. पहिल्या चाळिसांतले पाच जण तोवर गेले होते. व्यंकटेश चिलवेरी डिसेंबरात गेला. त्याच्या आईला कस्तुरी दिवसकार्यानंतर भेटायला गेली. आपण जायलाच हवं असं तिला वाटलं. चिलवेरींचं घरही तिच्या बासष्टातलंच. म्हातारीनं तिला आत घेतलं, बसायला चटई टाकली.

"आमच्याकडं कधी चुकीचं लिहिलं होतं का तुम्ही, बाई?"

"नाही. एकदाही नाही."

"तुम्ही सगळं विचारून लिहायचा. मी कंटाळायची, तरी विचारायचा."

"हो."

"मग आमचं का खोडलं?"

कस्तुरीकडे याचं शास्त्रीय उत्तर होतं. ते न देताच ती उठून आली.

श्रीदेवी नव्या यादीत आठवी होती. मार्चमध्ये तिची वाफ सुरू झाली. चोवीस आठवडे कस्तुरी दर गुरुवारी दवाखान्यात जाऊन बाहेरच्या बाकावर बसे, आणि श्रीदेवी बाहेर आली की तिच्यासोबत रिक्षापर्यंत चाले. पहिल्या महिन्यात श्रीदेवी दोनदा टेकायची. जूनमध्ये टेकली नाही. बोलणंही होई. ऊन, दवाखान्यातल्या नर्सची सासू, कीर्तीची हैदराबादची नोकरी. घरातलं काही ती सांगत नसे आणि कस्तुरी विचारत नसे. शेवटच्या गुरुवारी रिक्षात बसताना श्रीदेवी म्हणाली, "आता कशाला येतीस एवढ्या लांब," आणि ते खरोखरच विचारल्यासारखं नव्हतं.

तरी ऑक्टोबरात एका दुपारी कस्तुरी गेली. दार उघडं होतं आणि आतून शिलाई यंत्रांचा आवाज येत होता. चपला काढता काढता ती थांबली. खिडकीजवळच्या खुर्चीत एक अनोळखी तरुण मुलगी बसली होती, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर टॅब. समोर जमिनीवर श्रीदेवी ताठ बसली होती. वर्षाची पाहणी चालू होती.

मुलगी चांगली विचारत होती. घाई करत नव्हती, उत्तर तोंडात कोंबत नव्हती. श्रीदेवीही न चुकवता उत्तरं देत होती. वापरातली यंत्रं तीन. कामाला बायका पाच. आजारपणात गेलेले दिवस, गेल्या महिन्यात एकही नाही. नवऱ्याचं पिणं, तीन वर्षं बंद, मध्ये दोनदा चुकला. व्यंकटेश गेला त्या दिवशी जेवण बनलं नाही, तेही तिनं सांगितलं. मुलगी म्हणाली, ते नाही धरत यात.

"नात्यातलं नाही, पण अडीनडीला ज्याच्याकडे जाता येईल, असं कोणी आहे?"

श्रीदेवीनं दाराकडे पाहिलं. कस्तुरी तिला दिसली. तिनं छाती भरून श्वास घेतला. खोकला आला नाही.

"गेल्या वर्षी होतं," ती म्हणाली. "यंदा नाही."

मुलीनं मान वर केली नाही. "बदल असला की कारण लिहावं लागतं, मावशी. मृत्यू, स्थलांतर, की इतर?"

"इतर."

मुलीनं 'इतर'वर बोट टेकवलं. पुढचा प्रश्न पाण्याचा होता.